चारावर थांबावे की सहाकडे जावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयावर मी वर्षातले तीनशे दिवस बोलतच असतो आणि ऐकणारे बहुधा माझ्यावर चिडलेले असतात. म्हणून मी म्हटले, एक संध्याकाळ मला पत्त्यांवर बोलू द्या. चिटणीस क्षणभर गप्प झाले. पत्ते म्हणजे ब्रिज, असा खुलासा केल्यावर त्यांचा चेहरा निवळला. पत्ते म्हटले की जुगार आणि ब्रिज म्हटले की प्रतिष्ठा, अशी आपल्या समाजाने एक मौजेची वाटणी करून ठेवली आहे. पण बुद्धीचा खेळ म्हणून ब्रिजला मान आहे हे खरे. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांतले बर्धन त्या वेळी साठ वर्षांचे होते. मी पन्नाशी ओलांडली आहे, तेव्हा मला अजून आशेला जागा आहे.

माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते रद्दीच्या दुकानात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि ब्रिजच्या टेबलाशी. हा खेळ मला रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या एका फिटरने शिकवला. मी त्यांना काका म्हणतो. गेली अनेक वर्षे तेच माझे भिडू आहेत. आज जे सांगणार आहे त्यातले शहाणपण त्यांचे आणि चुका माझ्या.

विषय लहान आहे. आपल्याजवळ पाने चांगली आली, दहा हात होणार हे दिसू लागले. आता तेथेच थांबावे, की बारा हातांची बोली करावी? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, बारा होतील का हे भिडूला विचारावे तरी का?

ज्यांनी ब्रिज खेळलेला नाही त्यांनी घाबरू नये. मे महिन्याच्या सुटीत मेंढीकोट आपण सर्वांनीच खेळला आहे. समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, चार पानांचा एक हात, असे एकूण तेरा हात. ब्रिजमध्येही तेच. फरक असा की मेंढीकोटात कोट होतो तो होतो, आधी कोणी वचन दिलेले नसते. ब्रिजमध्ये पान टाकण्याआधी बोली करावी लागते. आम्ही अमुक रंग हुकूम ठरवून इतके हात करू, असे सांगायचे आणि ते करून दाखवायचे. बोलीतल्या आकड्यात सहा मिळवायचे. चार इस्पिक म्हणजे इस्पिक हुकूम करून दहा हात. याला गेम म्हणतात. सहा इस्पिक म्हणजे बारा हात, हा स्लॅम. सात म्हणजे तेराच्या तेरा. तो ग्रँड स्लॅम. स्लॅम बोलून केला तर मोठे बक्षीस आहे. बारा हात केले पण बोली चारचीच होती, तर बक्षिसाचे नाव नाही.

ही अट घातली अमेरिकेतल्या हॅरल्ड व्हँडरबिल्टने. त्याच्या आधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बारा हात झाले की न बोलताही काही बक्षीस मिळे. १९२५च्या शरदात ‘फिनलँड’ नावाच्या बोटीने लॉस एंजल्सहून पनामा कालव्यातून हवानाकडे जाताना व्हँडरबिल्टने सोबत्यांना आपले नवे गुण लावून पाहायला सांगितले आणि आजचा ब्रिज जन्मला. हा गृहस्थ न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या मालक घराण्यातला. पुढे आमच्याकडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधून फिटर आणि गार्ड लोक हाच खेळ खेळू लागले. मालकाची एखादी वस्तू कामगाराच्या हाती इतक्या निर्वेधपणे आल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. असो.

व्हँडरबिल्टने हिशेब मोठा चोख बांधला आहे. चार इस्पिक बोलून बारा हात केले तर ४८० गुण. तेच सहा बोलून केले तर ९८०. म्हणजे ५०० चा फायदा. सहा बोललो आणि अकराच झाले, तर ५० गुणांचा दंड, आणि चार बोलून जे ४५० मिळाले असते तेही गेले. म्हणजे ५०० चा तोटा. फायदा पाचशे, तोटा पाचशे! एक गेम आधी पदरात पडलेली बाजू व्हल्नरेबल होते, तिच्यासाठी हेच आकडे ७५० आणि ७५० होतात. तराजू तसाच राहतो. तेव्हा बारा हात होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तर स्लॅम बोलावा, कमी असेल तर बोलू नये. हे इतके सरळ असते तर मी येथे उभा राहिलो नसतो. अडचण अशी की भिडूची तेरा पाने मला दिसत नाहीत.

यावर लोकांनी गुणांची युक्ती काढली. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. सगळ्या गड्डीत ४० गुण होतात. गोरेनच्या पुस्तकांनी हा हिशेब घरोघर पोचवला. माझ्याकडचे त्याचे पुस्तक रद्दीतले आहे आणि त्याची पहिली बारा पाने गायब आहेत. हुकूम न ठरवता बारा हात करायचे तर दोघांचे मिळून ३३ गुण हवेत, असे हे शास्त्र सांगते. ३३च का? प्रतिपक्षाकडे सात उरतात, आणि दोन एक्क्यांचे आठ होतात. म्हणजे त्यांच्याकडे दोन एक्के असणे शक्य नाही.

पण ह्या भिंतीला एक भोक आहे. एक्का आणि राजा मिळून किती? सातच! एकाच रंगाचा एक्का आणि राजा त्यांच्याकडे असले आणि त्या रंगाची तुमच्याकडे दोन फालतू आणि भिडूकडे दोन फालतू पाने असली, तर ३३ गुण हातात धरून तुम्ही पहिले दोन हात घालवून बसता. माझे असे झाले आहे. डाव्या बाजूच्या गृहस्थांनी किलवरचा एक्का ठेवला, मग राजा ठेवला आणि खिशातून पानाचा डबा काढला. त्यांचे काम झाले होते.

आता गुणांचे दुसरे खोटेपण पाहा. एक डाव सांगतो, तो लक्षात ठेवा. माझ्याकडे इस्पिकची सहा पाने: एक्का, राजा, राणी आणि तीन लहान. चौकटची पाच: राजा, राणी, गुलाम, दश्शी, दुर्री. बदामची एकटी सत्ती, किलवरची एकटी अठ्ठी. गुण पंधरा. मी एक इस्पिक बोललो. काका दोन इस्पिक बोलले. म्हणजे इस्पिकची तीन पाने आणि सहा ते नऊ गुण. दोघांचे मिळून जास्तीत जास्त चोवीस. गुणांच्या शास्त्राने स्लॅमचे नाव काढू नये.

समजा काकांचे गुण आठ आहेत आणि ते म्हणजे चौकटचा आणि किलवरचा एक्का. आता मोजा. इस्पिकचे सहा हात, चौकटचे पाच, किलवरचा एक. बारा झाले. बदामचा एक हात गेला, बस. इस्पिकची उरलेली चारही पाने एकाच शत्रूकडे गेली नाहीत म्हणजे झाले, आणि तसे शंभरात सुमारे दहा वेळाच होते. आता समजा काकांचे तेच आठ गुण बदामचा राजा-राणी आणि किलवरचा राजा असे आहेत. आता तीन एक्के प्रतिपक्षाकडे, तीन हात गेले, आपले दहा. आकडा तोच आठ; एकदा बारा हात, एकदा दहा. माझ्या एकट्या सत्तीसमोर बदामचा राजा-राणी म्हणजे आंधळ्यापुढे आरसा!

मग विचारावे केव्हा? यासाठी एली कल्बर्टसनच्या नावाने सांगितली जाणारी एक कसोटी आहे. हा कल्बर्टसन १८९१ साली रुमानियात जन्मला, बाप अमेरिकन, आई रशियन. तरुणपणी आपण क्रांतिकारकांत होतो आणि तुरुंग पाहिला, असे तो आत्मचरित्रात सांगतो. पुढे ब्रिजवर त्याने अमाप पैसा केला. ती कसोटी अशी. भिडूने जे सांगितले आहे त्यात बसतील अशी कमीत कमी, पण माझ्या पानांना नेमकी जुळणारी पाने मनात धरावीत. तेवढ्यावर स्लॅम सहज होत असेल तर विचारावे. त्याहून जास्त काही लागत असेल तर मुकाट्याने गेमवर थांबावे. वरच्या डावात दोन एक्के म्हणजे आठ गुण. ते काकांच्या सहा ते नऊत बसतात. कसोटी उतरली.

नवशिका येथे एक लबाडी करतो. तो भिडूच्या हातात हवी ती पाने घालत सुटतो. एक्का घालतो, मग राणीही घालतो, मग चौथे हुकूमही घालतो. काका मला म्हणत, “तू माझ्या हातात पाने घालतोस ती छान असतात रे, पण वाटणाऱ्याने ती घातलेली नसतात.”

विचारायचे ठरले. आता कसे? इथे बहुतेकांचा हात चार बिनहुकूम या बोलीकडे जातो. विमा कंपनीत काम करणाऱ्या ईझ्ली ब्लॅकवूड या अमेरिकनाने १९३०नंतरच्या काळात ही युक्ती काढली. चार बिनहुकूम म्हणजे, तुझ्याकडे एक्के किती? पाच किलवर म्हणजे एकही नाही, पाच चौकट म्हणजे एक, पाच बदाम म्हणजे दोन. किती सोपे! पण आपला डाव आठवा. मी विचारले आणि काकांकडे बदामचा राजा-राणी, किलवरचा राजा असली पाने असली, तर उत्तर येणार पाच किलवर. आता मी कुठे थांबणार? चार इस्पिक तर मागे पडले. पाच इस्पिक बोलावेच लागणार. म्हणजे अकरा हात, आणि आपल्याकडे आहेत दहा. स्लॅम बोललोच नाही, नुसते विचारले, आणि हातातला ४२० गुणांचा गेम जाऊन वर ५० चा दंड बसला!

म्हणून काकांचा नियम असा, की प्रश्नाचे सर्वांत वाईट उत्तर आले तर आपण कुठे उभे राहू हे आधी पाहावे, आणि मग तोंड उघडावे. या डावात विचारायची जागा चाराच्या खाली आहे. दोन इस्पिकवर मी तीन चौकट बोलतो. येथे भिडूला पास म्हणता येत नाही. त्याच्याकडे चौकटमध्ये उपयोगाचे काही नसले तर तो तीन इस्पिकवर परत येतो, मी चार म्हणतो, विषय संपला. कोणाचे काही गेले नाही. त्याच्याकडे ते दोन एक्के असले, तर तो चार किलवर बोलून सांगतो की चौकट मला आवडली, आणि किलवरचा एक्काही माझ्याकडे आहे. आता मी चार बिनहुकूम खुशाल विचारीन. एक एक्का नक्की आहे. दुसरा निघाला तर सहा, नाही निघाला तर पाच इस्पिक, आणि अकरा हात आहेतच. अशी एकेक रंगाची विचारपूस केली की किलवरच्या दोन फालतू पानांचे ते भोकही आपोआप दिसते.

आणखी एक. टेबलावर चौघे असतात. भिडूला विचारलेला प्रत्येक प्रश्न शत्रूलाही ऐकू जातो, आणि कोणत्या रंगाची उतारी करावी हे त्याला फुकट कळते. विचारण्याची किंमत असते ती अशीही.

आता मला पत्ते जरा बाजूला ठेवले पाहिजेत.

सुमारे अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी संपत आली होती. वाढीचा आकडा ठरला होता, मसुदा टाइप होऊन आला होता. त्याच खात्यात चौदा कंत्राटी कामगार होते. मशिने तीच, पाळी तीच, पगार निम्मा. मला वाटले, मालक नरमला आहे. यांनाही कायम करून घ्यावे. हे वाटणे चुकीचे होते असे मी आजही म्हणत नाही. पण मी गेटसभा घेतली आणि जाहीर केले, चौदा जण कायम झाल्याशिवाय करारावर सही नाही. ही माझी चार बिनहुकूम! या चौदांसाठी कायम कामगार बाहेर येतील का, हे मी खात्याखात्यात जाऊन विचारले नव्हते. तो एक्का आपल्याकडे आहे असे मी धरून चाललो होतो. तो नव्हता. वाढ दारात आलेली, गणपती तोंडावर. कायम माणसे बाहेर आली नाहीत. महिन्याच्या आत ठेकेदार बदलला. नव्याने नऊ जणांना घेतले, पाच जणांना नाही. करार चार महिने उशिरा झाला, आकडा तोच.

त्या पाचांपैकी एकाची आई युनियनच्या ऑफिसात आली. बसली, चहा घेतला. तिने मला हरलात का असे विचारले नाही. ती म्हणाली, “भाऊ, तुम्ही इचारलं कशाला?”

ब्रिजच्या टेबलावर चुकीचा प्रश्न विचारणारा आणि त्याचा भिडू, दोघेच दंड भरतात, आणि पाच मिनिटांनी नवी पाने वाटली जातात. माझ्या धंद्यात दंड टेबलावर नसलेला पाचवा भरतो. ब्रिजची आणि लढ्याची तुलना येथे तुटते, आणि ती तुटते हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर काही वर्षे मी विचारणेच सोडून दिले. टेबलावरही आणि बोलण्यांतही. चार दिसले की चार. करार वेळेवर होऊ लागले, माझे नाव समंजस पुढारी म्हणून झाले, आणि कंत्राटी माणसे गेटाबाहेरच राहिली. काका काही बोलले नाहीत. त्यांना एक खोड आहे. वर्कशॉपातल्या सवयीने प्रत्येक डाव ते वहीत लिहून ठेवतात. एके दिवाळीत त्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली. वर्षभरात बोलून बुडालेले स्लॅम एका रकान्यात, आणि होण्यासारखे असून न विचारलेले दुसऱ्या रकान्यात. दुसरी बेरीज पहिलीच्या दुपटीहून मोठी होती.

मला खरेच धक्का बसला. बुडालेला स्लॅम सर्वांना आठवतो. भिडू रागावतो, बघे हसतात, वजाबाकी कागदावर दिसते. न विचारलेला स्लॅम मात्र जमेच्या बाजूला लिहिला जातो. ४८०! लिहिणाऱ्याला बरे वाटते. त्यातले गेलेले पाचशे कोणत्याही कागदावर नसतात. आणि व्हँडरबिल्टचा तराजू तर सांगतो की दोन्ही चुका एकाच वजनाच्या आहेत.

मी पुन्हा विचारू लागलो. दुसऱ्या एका कारखान्यात अशाच प्रश्नावर आम्ही मागणी कागदावर घालण्याआधी तीन महिने चहाच्या टपऱ्यांवर घालवले. कोण येईल, किती दिवस टिकेल, कोणाच्या घरी लग्न आहे, सगळे. गेटसभा नाही, पत्रक नाही. मालकाला कळण्याआधी आम्हाला आमची पाने कळली होती. एकवीसपैकी सहा जण कायम झाले. पंधरा झाले नाहीत. पण कोणाची नोकरी गेली नाही.

ग्रँड स्लॅमविषयी लोक मला फार विचारतात, म्हणून दोन शब्द. तेथे तराजू समान नाही. सातऐवजी सहावर थांबलात तर बक्षिसातले ५०० सोडता. सात बोलून एक हात कमी पडला तर सहाचे ९८० जातात आणि वर ५० दंड. तेव्हा तिथे तीनांत दोन वेळा तरी यश हवे. एखाद्या रंगाची शत्रूकडची पाच पाने तीन-दोन अशी वाटली जाण्यावर सगळे अवलंबून असेल, तर ते शंभरात सुमारे ६८ वेळा होते. म्हणजे जेमतेम बोलण्यासारखे. एकट्या राजाची जागा ओळखण्यावर असेल तर पन्नास. मग सहावर समाधान मानावे. मी आजवर सात फार थोड्या वेळा बोललो आहे.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे पाहू लागले आहेत. गेल्या मार्गशीर्षातला एक डाव सांगतो आणि रजा घेतो.

मी आणि काका चार इस्पिकवर थांबलो होतो. मी कसोटी लावून पाहिली होती; भिडूच्या कमीत कमी पानांत बसेना. मी खेळू लागलो. बदामचा राजा उजवीकडे हवा होता, तो उजवीकडे निघाला. चौकटचा राजाही उजवीकडे हवा होता, तोही निघाला. दोन्ही एकदम जमायची शक्यता चारांत एक. बारा हात झाले. मागे उभे असलेले दोघेतिघे चुकचुकले. “अहो, स्लॅम होता!” मी काकांची वही ओढली, ४८० लिहिले, आणि सवयीने पेन्सिल न विचारलेल्यांच्या रकान्याकडे नेली. काकांनी वही काढून घेतली, मिटून मांडीखाली ठेवली आणि पत्ते पिसायला घेतले.